आपला नेहमीचा फटका

हौशी गोल्फपटूला त्याचे स्ट्रोक कुठे वाया जातात असे विचारले, तर तो हमखास स्विंगकडे बोट दाखवतो. डोके लवकर उठले, खांदा आधी फिरला, ग्रिप आवळली गेली. शिकवणारेही बहुतेक वेळ स्विंगवरच घालवतात, कारण शिकायला येणारा तेवढेच मागत असतो. माझे मत वेगळे आहे. अठराच्या आसपास हँडिकॅप असलेल्या माणसाचा स्विंग वर्षानुवर्षे थोड्याफार फरकाने तसाच राहतो. त्याच्या कार्डावर सात आणि आठ उमटतात ते बहुधा आधीच्या निर्णयामुळे: बॅगेतून कोणता क्लब काढला, चेंडू कुठे रोखला, आणि अडचणीत सापडल्यावर काय करायला गेला. या निर्णयांच्या मुळाशी एक समजूत असते. आपण मारलेला सर्वांत चांगला फटका हाच आपला नेहमीचा फटका, असे हा खेळाडू मनोमन धरून चालतो. याला लोक धाडस म्हणतात, ते मला पटत नाही. धाडस करणाऱ्याला आपण पणाला काय लावले आहे हे ठाऊक असते. इथे खेळाडूला ते ठाऊकच नसते, आणि माझी सगळी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

सात नंबरच्या आयर्नचे उदाहरण घेऊ. मध्यम ताकदीचा खेळाडू सांगतो, ‘माझा सात आयर्न दीडशे यार्ड जातो.’ जातोही. चेंडू पात्याच्या मधोमध लागला, वारा मागून असला, जमीन कडक असली की जातो. पण त्याच क्लबने रेंजवर मारलेले चेंडू कुठे कुठे पडले हे प्रामाणिकपणे मोजले, तर बरेचसे १३० ते १४० च्या पट्ट्यात सापडतात, काही त्याच्याही अलीकडे, आणि दीडशेला पोचलेले अगदी मोजके. यालाच मी खेळाडूचा पसारा म्हणतो. प्रत्येक क्लबचा प्रत्येकाचा पसारा ठरलेला असतो, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा नेहमी मोठा असतो. दिशेचेही तसेच. दीडशे यार्डांवर पाच अंशांची चूक म्हणजे १३ यार्ड. डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच अंश धरले तर २६ यार्ड झाले, म्हणजे जवळजवळ अख्ख्या ग्रीनची रुंदी. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो. आपली चूक त्याहूनही कमी धरली आहे. आता पिन ग्रीनच्या उजव्या कडेपासून चार यार्डांवर आहे आणि पलीकडे पाणी आहे असे समजा. थेट पिनवर रोखणारा माणूस स्वतःच्या पसाऱ्याचा मोठा हिस्सा मारण्याआधीच पाण्यावर ठेवतो. तोच जर ग्रीनच्या मध्यावर रोखेल, तर त्याच स्विंगने, त्याच चुकांसह, बहुतेक चेंडू कोरडे राहतील. अंतराच्या बाबतीत तर हौशी खेळाडूची चूक एकाच बाजूला झुकलेली असते: ग्रीनच्या पुढे जाणारे चेंडू थोडे, अलीकडे पडणारे फार. बंकर आणि पाणी बहुतेक ठिकाणी ग्रीनच्या पुढ्यातच असते. आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. मे महिन्यात कडक फेअरवेवर चेंडू घरंगळत पुढे जातो. जुलैत पुण्या-मुंबईच्या कोर्सवर तो पडतो तिथेच रुततो, आणि रफमधले ओले गवत पात्याला धरून ठेवते. तरीही बॅगेतून बाहेर येतो तो मे महिन्याचाच क्लब.

ही समजूत तयार होते कशी, हे पाहिले पाहिजे. स्मरणाचा वाटा मोठा आहे. झाडावरून ग्रीनवर टाकलेला एक फटका चारजण वर्षभर आठवतात. त्याच जागेवरून पाण्यात गेलेले चेंडू त्या दिवशीच्या जेवणापर्यंतही टिकत नाहीत. पण दोष एकट्या स्मरणाचा नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरतात. उरलेल्या १२ बाजूला पडतात. पद्धत म्हणून ती योग्यच आहे, कारण खेळाडूची क्षमता मोजणे हाच तिचा हेतू आहे. मात्र त्यामुळे अठरा हँडिकॅपचा माणूस बहुतेक दिवशी अठराहून वाईटच खेळणार, हे त्या हिशेबातच आहे, आणि ही गोष्ट हँडिकॅप सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. तिसरा वाटा टीव्हीचा. रविवारी पडद्यावर दिसतात ते त्या आठवड्यात सर्वांत चांगले खेळणारे मोजके खेळाडू, आणि त्यांचेही निवडक फटके. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या फटक्या-फटक्याच्या नोंदी तपासून जे तक्ते मांडले, त्यांतले आकडे पाहिले म्हणजे पडद्यावरचे चित्र किती एकांगी आहे ते कळते. फेअरवेवर १६० यार्डांवरून टूरच्या खेळाडूला चेंडू होलमध्ये टाकायला सरासरी २.९८ फटके लागतात. म्हणजे जवळजवळ तीन: एक ग्रीनकडे आणि दोन ‘पट’, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके. आठ फुटांचा पट हे लोक निम्म्याच वेळा टाकतात. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंची ही सरासरी आहे. आणि आपला रविवारचा खेळाडू १६० यार्डांवरून पिनला चिकटवायचा बेत करतो, आठ फुटांचा पट हुकला की हळहळतो.

अतिआत्मविश्वासाची खरी किंमत मोजावी लागते ती टीवर नव्हे, झाडांमध्ये. त्याच तक्त्यांनुसार १०० यार्डांवरून फेअरवेवर सरासरी २.८० फटके लागतात, रफमधून ३.०२, आणि झाडाझुडपांत अडकलेल्या जागेवरून ३.८०. पूर्ण एक फटका. म्हणजे झाडांत गेलेल्या चेंडूची किंमत एक स्ट्रोक आहे, आणि ती व्यावसायिकालाही चुकत नाही. हौशी खेळाडू नेमकी हीच किंमत नाकारतो. चेंडू दोन बुंध्यांच्या मागे आहे, मधे दहा-बारा फुटांची फट, वर एक आडवी फांदी, पलीकडे १७० यार्डांवर ग्रीन. बाजूला फेअरवे मोकळा आहे. आठ नंबरने हलकेच टोलवला तर चेंडू हमखास बाहेर येतो. हिशेब करून पाहू. आकडे मी उदाहरणापुरते धरतो. बाजूला काढला तर तो एक फटका, आणि १७० यार्डांवरून आपल्या खेळाडूला आणखी चार: एकूण पाच. फटीतून गेलाच तर चेंडू ग्रीनजवळ, तिथून तीन: एकूण चार. नाही गेला, बुंध्यावर आपटला, तर चेंडू पुन्हा झाडांतच, कधी आणखी आत. तेव्हा एकूण सहा किंवा सात, सरासरी साडेसहा धरू. आता बरोबरी साधायची म्हटली तरी फटीतून दहापैकी सहा वेळा चेंडू गेला पाहिजे. फायदा व्हायचा तर त्याहून जास्त. डोक्यावर फांदी असताना, मुळांवरून, अर्ध्या स्विंगने दहापैकी सहा वेळा बारा फुटांची फट गाठणारा हौशी खेळाडू असेल, तर तो बहुधा मुळात त्या झाडांत गेलाच नसता. तीन वेळा गाठणाराही चांगलाच म्हणायचा. म्हणजे या फटक्याने त्याला दर वेळी सरासरी पाऊण स्ट्रोकचा फटका बसतो, आणि तो एका फेरीत असा प्रसंग दोन-तीनदा ओढवून घेतो.

मग हुशार, व्यवहारी माणसे, ज्यांनी धंद्यात एक रुपया असा लावला नसता, ती हा डाव का खेळतात? माणूस फायद्यात असताना जपून वागतो आणि तोटा समोर दिसला की तो भरून काढण्यासाठी वाटेल तो धोका पत्करतो, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. तोटा कशाच्या तुलनेत, हा त्यातला कळीचा प्रश्न. गोल्फमध्ये ती रेघ कार्डावर छापलेलीच असते: पार. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टूरवरचे पंचवीस लाखांहून अधिक पट तपासले. तेवढ्याच अंतराचा पट बर्डीसाठी असेल त्यापेक्षा पारसाठी असेल तेव्हा व्यावसायिक तो थोडा अधिक वेळा टाकतात, असे त्यात दिसले. स्ट्रोक तर दोन्हीकडे एकच. छापील आकड्याचा प्रभाव टायगर वुड्सवरही पडतो, तर झाडांत उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूवर किती पडत असेल! त्याला बोगी म्हणजे नुकसान वाटते आणि ते टाळायला तो आठपर्यंत जातो. वास्तविक अठरा हँडिकॅपच्या माणसाला दर होलला एक स्ट्रोक नियमानेच मिळालेला आहे. चारचा होल त्याच्यासाठी पाचचाच. बाजूला चेंडू काढून पाच केले तर त्याचे काहीही गेलेले नसते.

ज्याला खेळाडूचा पसारा खेळाडूपेक्षा अधिक ठाऊक असतो असा एक माणूस आपल्या कोर्सवर नेहमी शेजारी चालत असतो, तो म्हणजे कॅडी. परदेशातल्या हौशी खेळाडूंना हे भाग्य क्वचितच लाभते. तिकडे बहुतेकजण बॅग स्वतःच सांभाळतात. चेंबूर असो की येरवडा, कॅडी त्याच होलवर त्याच साहेबांचे शेकडो चेंडू पडताना पाहत आलेला असतो. तो म्हणतो, ‘साहेब, सात नको, पाच घ्या.’ साहेब सातच घेतात, चेंडू पुढच्या बंकरमध्ये जातो, आणि कॅडी काही न बोलता रेक घेऊन निघतो. सल्ला नाकारला जातो तो चुकीचा वाटतो म्हणून नव्हे. शेजारच्याने आठ घेतलेला असताना आपण पाच कसा घ्यायचा, हा प्रश्न मधे येतो. ज्या अलीशेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि ती जिंकणारा पहिला भारतीय ठरला, तो दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर मैदानाची निगा राखत. हा मुलगा लांब मारणाऱ्यांत कधीच गणला गेला नाही. ग्रीनच्या आसपासच्या खेळावर त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. आपल्याला काय जमते आणि काय नाही याचा हिशेब पक्का असला की केवढे मोठे काम होते, याची ही घरची उदाहरणे आहेत. कॅडीचे ऐकण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी ती जरूर आठवावीत.

अशा चर्चेत ज्यां व्हान द वेल्डचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९९९ची ओपन, कार्नुस्टी, शेवटचा होल, तीन स्ट्रोकची आघाडी; सहा केले तरी विजेता. ड्रायव्हर उजवीकडे गेला. मग दोन नंबरच्या आयर्नने ग्रीनकडे मारलेला चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून, ओढ्याच्या दगडी काठावरून उसळून मागे दाट गवतात आला. तिथून तो बॅरी बर्न या ओढ्यात गेला, आणि पँट वर सरकवून पाण्यात उतरलेला व्हान द वेल्ड जगाने पाहिला. शेवटी सात, मग प्लेऑफ, आणि विजेता पॉल लॉरी. मात्र त्याला मूर्ख ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. स्टँडवरून चेंडू तसा उलटा येणे हे निव्वळ दुर्दैव होते. निर्णयाची पारख निकालावरून करायची नसते; चांगल्या निर्णयाचाही निकाल वाईट लागू शकतो. याची उलट बाजू हौशी खेळाडूच्या दृष्टीने अधिक घातक आहे: वाईट निर्णयाचा निकाल अधूनमधून चांगला लागतो, आणि तोच पुढचे सहा महिने चुकीचे शिकवत राहतो. माझ्या मते अतिआत्मविश्वासाचे शुद्ध उदाहरण फिल मिकलसनचे आहे. २००६ची यूएस ओपन, विंग्ड फूट, शेवटचा दिवस. त्या दिवशी १४ पैकी फक्त २ फेअरवे त्याला सापडले. एका स्ट्रोकच्या आघाडीवर शेवटच्या टीवर त्याने पुन्हा ड्रायव्हरच काढला. चेंडू डावीकडे पाहुण्यांच्या तंबूपर्यंत गेला. दुसरा फटका झाडावर आदळला. डबल बोगी झाली आणि जेफ ओगिल्व्ही जिंकला. इथे दैवाचा प्रश्न नव्हता. त्या दिवशीचा स्वतःचा पसारा मिकलसनने सतरा होल डोळ्यांनी पाहिला होता.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की मग सगळे जपूनच खेळायचे का? मुळीच नाही. ब्रॉडी यांचे आकडे उलट बाजूनेही तितकेच स्पष्ट बोलतात: होलच्या जवळ असणे जवळजवळ नेहमीच फायद्याचे असते, आणि चांगल्या-वाईट खेळाडूंमधला बराचसा फरक लांब फटक्यांतून येतो. रुंद फेअरवेवर, दोन्ही बाजूंना नुसता रफ असताना, भीतीने आयर्न काढणारा खेळाडूही हिशेब चुकवतच असतो. कारण आयर्नही वाकडा जातोच, आणि वर चाळीस-पन्नास यार्ड हातचे जातात. पसारा ओळखणे म्हणजे भित्रेपणा नाही. तो ओळखला की कधी ड्रायव्हर निघतो, कधी नाही. २००७च्या मास्टर्समध्ये झॅक जॉन्सनने चारही दिवस एकाही पार-पाचच्या होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठण्याचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक वेळी अलीकडे थांबून वेजने खेळला, त्या होलवर एकूण ११ अंडर राहिला आणि विजेत्याचा कोट घालून घरी गेला. टायगर वुड्सने तसे खेळावे असे कोणी म्हणणार नाही. जॉन्सनची वेज वेगळी, वुड्सची ताकद वेगळी. दिल्लीच्या लोधी कोर्सवर दोन्ही बाजूंनी झुडपांची दाटी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे खेळायला आलेल्या रोरी मॅकिलरॉयने या आठवड्यात ड्रायव्हर वापरणार नाही, असे आधीच जाहीर केले होते. जगातल्या उत्तम ड्रायव्हिंगचा मालक जिथे ड्रायव्हर ठेवून देतो, तिथे आपल्या पाहुण्या खेळाडूने तो काढण्याआधी निदान एकदा थांबावे.

दुसरा आक्षेप मनापासून आलेला असतो, म्हणून त्याचा मान राखला पाहिजे. आम्ही कुठे पोटासाठी खेळतो? आठवड्यातून एकदा मोकळी हवा मिळते, त्यात एक अचाट फटका बसला की आठवडा सार्थकी लागतो. तोही आकडेमोडीत घालवायचा का? आनंदासाठी खेळणाऱ्याशी माझे भांडण नाही. ज्याला ती फट खुणावते त्याने जरूर मारावे, मात्र ‘हा जमणारच’ असे म्हणून नव्हे, तर ‘दहातून तीनदा जमतो, आज मौज म्हणून’ असे म्हणून. मग सात झाल्यावर चिडचिड होत नाही आणि पुढचा होलही बिघडत नाही. शिवाय खेळाचा प्रकारही पाहावा. स्टेबलफर्डमध्ये एका होलचे नुकसान शून्य गुणांवर थांबते, तिथे धोका स्वस्त पडतो. मॅच प्लेमध्ये समोरचा दोन फटक्यांत पिनजवळ पोचला असेल, तर फटीतून मारणे हाच शहाणपणाचा निर्णय, कारण पाच केले काय आणि आठ केले काय, होल जातोच. मात्र महिन्याच्या मेडल राउंडला, जिथे प्रत्येक स्ट्रोक मोजला जातो, तिथे मौजेची सबब चालत नाही. निकाल लागल्यावर मौज आठवणारे बरेच असतात. टीवर उभे असताना ती कोणी बोलून दाखवत नाही.

तिसरा आक्षेप आत्मविश्वासाचा. शंका घेऊन मारलेला चेंडू कधी नीट जातो का? नाही जात, हे खरे. पण त्यावरून अवघड फटका निवडावा असा निष्कर्ष निघत नाही. उलट, शंका बहुतेक वेळा अशाच फटक्याची येते जो आपल्या आवाक्याबाहेर आहे हे शरीराला आधीच कळलेले असते. निवड करताना हिशेबी असावे आणि एकदा निवडले की चेंडूपुढे निःशंक उभे राहावे. ही दोन कामे एकामागून एक करायची आहेत. ती एकत्र केली की दोन्ही फसतात. सोपा फटकाही लक्ष देऊनच मारावा लागतो. झाडांतून बाजूला काढताना बेफिकिरीने मारून चेंडू समोरच्या रफमध्ये घालवणारे काही कमी नाहीत, आणि मग तेच म्हणतात, जपून खेळूनही काय मिळाले? अवघड फटके शिकायचेच असतील तर त्यासाठी रेंज आहे, संध्याकाळचा रिकामा कोर्स आहे. तिथे त्या फटीतून वीस चेंडू मारावेत, किती गेले ते मोजावेत, आणि तोच आकडा मेडल राउंडला सोबत न्यावा.

वाचकांना एकच विनंती करतो. पुढच्या काही फेऱ्यांत ग्रीनवर रोखलेला प्रत्येक चेंडू कुठे थांबला, एवढेच कार्डाच्या कडेला लिहा: शॉर्ट, लाँग, लेफ्ट की राइट. क्लबचा नंबरही शेजारी टाका. स्विंगमध्ये काहीही बदलू नका. पाच-सहा कार्डे साठली की कॅडीला सोबत बसवून ती वाचा, आणि शॉर्टची संख्या फार दिसली तर पुढच्या रविवारी प्रत्येक वेळी मनात येईल त्यापेक्षा एक मोठा क्लब घ्या.